क्लच, शॉकअप आणि एकच अलाइनमेंट

“क्लच स्लिप होतोय आणि शॉकअपही बसलेत. दोन्ही कामं एकदमच काढतो, अलाइनमेंटचे पैसे तरी वाचतील.” जुनी, जोरकस गाडी हौसेने सांभाळणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. कामं एकत्र काढायचा विचार अगदी बरोबर आहे, हिशेब तेवढा चुकतो. या सगळ्या कामात अलाइनमेंटची रक्कम सगळ्यात लहान असते. खरी बचत दुसरीकडे होते आणि खरं नुकसान तिसरीकडेच. मला हे कळेपर्यंत तीन अलाइनमेंट झाल्या आणि टायरची एक जोडी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी गाडी पहिल्या पिढीतली ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती, हाताने टाकायचे पाच गिअर. २००४ साली ती आपल्याकडे आली. तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं की वेगवान सेदान, यावर दोन मतं असतील, पण खंबाटकीचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उत्साहाने चढणाऱ्या माणसाची क्लचप्लेट आणि सस्पेन्शनचे रबरी बुश स्पोर्ट्स कारच्याच वेगाने झिजतात.

पुढचं समजण्यापुरते तीन कोन आधी सांगतो. गाडीकडे वरून पाहिलं, तर पुढची चाकं चालताना आत किंवा बाहेर वळणाऱ्या पावलांसारखी दिसू शकतात. हा टो. समोरून पाहिल्यावर चाकाचा माथा आत किंवा बाहेर कललेला दिसतो, तो कॅम्बर. आणि सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो, तसा बाजूने दिसणारा स्टिअरिंगच्या आसाचा तिरकेपणा म्हणजे कॅस्टर. अलाइनमेंट म्हणजे हे कोन मोजणं आणि जे लावता येतात ते लावणं. बॅलन्सिंग वेगळं. त्यात चाकाला शिसं लावून त्याचं वजन सगळीकडून सारखं करतात, कोनांशी त्याचा संबंध नाही.

गैरसमज : क्लच बदलला की अलाइनमेंट करावीच लागते

याच्या बरोबर उलटा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे : क्लच इंजिनापाशी, अलाइनमेंट चाकांपाशी, दोघांचा संबंधच काय? दोन्ही बाजू ठामपणे बोलतात आणि दोन्ही अर्ध्याच बरोबर असतात. गिअरबॉक्स कुठे बसवला आहे आणि तो उतरवताना काय काय सोडावं लागतं, त्यावर सगळं ठरतं.

माझदाची एमएक्स-५ घ्या. १९८९ पासून बनणारी ही दोन आसनी उघडी गाडी. इंजिन पुढे, त्याच्या मागे उभ्या रेषेत गिअरबॉक्स, तिथून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना एक लांबलचक अ‍ॅल्युमिनियमची तुळई जोडते. क्लच बदलायचा तर एक्झॉस्ट, शाफ्ट आणि ही तुळई सोडून गिअरबॉक्स खाली घेतात. चाकांच्या आर्मना हात लागत नाही. त्यामुळे फक्त क्लच केला तर अलाइनमेंट जशीच्या तशी राहते. तुळई परत बसवताना तिची उंची नीट लावावी लागते, नाहीतर गाडीत गुणगुण आणि थरथर सुरू होते. पण तो वेगळा विषय.

आता दुसरं टोक. १९९७ साली आलेली शेवरोलेची सी-५ कॉर्व्हेट. इंजिन पुढे, पण वजन दोन्हीकडे सारखं वाटलं जावं म्हणून गिअरबॉक्स मागे, डिफरन्शियलला चिकटून. दोघांच्या मधे एक जाड नळी आणि तिच्यात फिरणारा शाफ्ट. क्लच मात्र पुढे, इंजिनालाच. तिथपर्यंत पोचायला मागच्या सस्पेन्शनचा अख्खा पाळणा, गिअरबॉक्स आणि ती नळी खाली घ्यावी लागते. इथे क्लचचं काम म्हणजे निम्मं सस्पेन्शनचंच काम आहे आणि शेवटी अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी मालकाला परत देणं चूक आहे.

आपल्याकडच्या बहुतेक वेगवान गाड्या या दोघींच्या मधे येतात : इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना, गिअरबॉक्स डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला. तो काढायचा तर ड्राइव्हशाफ्ट बाजूला करावे लागतात आणि त्यांना जागा द्यायला लोअर आर्मचा बॉल जॉइंट सुटावा लागतो. काही गाड्यांत सबफ्रेमही उतरवावी लागते. सबफ्रेम म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचे लोअर आर्म ज्यावर बसतात ती चौकट. बऱ्याच गॅरेजांत तिला क्रॉसमेंबर म्हणतात. काही मिस्त्री गरज नसतानाही केवळ हात घालायला जागा मिळावी म्हणून ती सैल करून खाली घेतात.

माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं.

गैरसमज : सबफ्रेम होती तिथेच परत बसते

क्लचचा संच मी नाना पेठेतून आणला होता. गिअरबॉक्स उतरवला, नवी प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग बसवलं, पेडल लोण्यासारखं मऊ झालं. “क्लचच्या कामात अलाइनमेंट लागत नाही,” असं गॅरेजवाले म्हणाले आणि मी मान डोलावली. आठवडाभरात लक्षात आलं की हात सोडला की गाडी हळूच डावीकडे जाते. ज्याला त्याला विचारलं, उत्तर एकच : रस्त्याचा उतार. आपण डाव्या बाजूने चालवतो, रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे थोडी डावी ओढ सगळ्याच गाड्यांना असते. हे खरं आहे, आणि म्हणूनच मी फसलो. मग एका ठिकाणी अलाइनमेंट केली. त्यांनी टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) फिरवून टो लावला, स्टिअरिंग सरळ केलं. ओढ तशीच राहिली.

दीड-दोन महिन्यांनी लोअर आर्मचे मागचे बुश गेल्याचं दिसलं. ते बदलले, पुन्हा अलाइनमेंट, पुन्हा फक्त टो. पुढच्या दोन्ही टायरची आतली कड तोवर संपत आली होती.

तिसऱ्या दुकानातल्या मुलाने गाडी रॅम्पवर घ्यायच्या आधीच विचारलं, “काका, हल्लीच गिअरबॉक्स उतरवला होता का?” त्याने मला खाली बोलावून टॉर्च धरला. सबफ्रेमच्या बोल्टखाली, वॉशर वर्षानुवर्षं जिथे बसला होता तिथे पत्र्यावर एक गोल चकचकीत कडं उमटलेलं होतं. आताचा वॉशर त्या कड्याच्या मधोमध नव्हता. एका अंगाला नखाच्या कडेएवढी स्वच्छ चंद्रकोर उघडी पडली होती. सबफ्रेमच्या भोकांना बोल्टपेक्षा थोडी जास्त जागा ठेवलेली असते, आणि परत बसवताना ती उजवीकडे सरकून घट्ट झाली होती.

मशीनने दाखवलेला पुढचा कॅम्बर : डावीकडे उणे १२ मिनिटं, उजवीकडे उणे ४८ मिनिटं. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणजे दोन बाजूंत अर्ध्या अंशाहून जास्त फरक. हिशेब जमतोही : स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाच्या) वरच्या टोकापासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत साधारण ६०० मिलिमीटर धरले आणि खालचं टोक ३ मिलिमीटर सरकलं, तर कोन सुमारे १७ मिनिटांनी बदलतो. सबफ्रेम उजवीकडे सरकली की उजव्या चाकाचा तळ बाहेर जातो आणि डाव्याचा आत, म्हणून फरक दुप्पट, ३४ मिनिटांचा. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त धनाकडे झुकतो त्या बाजूला गाडी ओढते. माझ्याकडे ती बाजू डावी होती, आणि रस्त्याचा उतारही डावीकडेच.

या गाडीत स्ट्रट हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, पकडीत वरून घुसवून आवळलेला असतो, तिथे कॅम्बर लावायची सोय नाही. दोन बाजूंचा फरक काढायचा तर सबफ्रेमच सरकवावी लागते. त्याने तेच केलं. बोल्ट सैल केले, लाकडी ठोकळा मधे धरून सबफ्रेम ठोकत हलवली, मशीनच्या पडद्यावर दोन्ही आकडे उणे ३० च्या आसपास येईपर्यंत. मग नवे बोल्ट लावून टॉर्क रेंचने आवळले. हे बोल्ट आवळताना ताणले जातात, ते एकदाच वापरायचे असतात. टो सगळ्यात शेवटी लावला. त्या दिवशी घरी येताना मी हात सोडून पाहिला. गाडी अगदी किंचित डावीकडे गेली. हा मात्र खरोखर रस्त्याचा उतार होता.

आधीच्या दोन अलाइनमेंट वाया का गेल्या, तेही त्यानेच समजावलं. पहिल्या वेळी बुश गेलेले होते. अलाइनमेंट उभ्या गाडीची होते. फाटलेला बुश ब्रेक मारताच आर्मला मागे जाऊ देतो आणि चाक बाहेर वळतं. कागदावर टो बरोबर होता, रस्त्यावर नव्हता. टायरच्या आतल्या कडा त्यातच गेल्या. झिजलेल्या बुशांवर किंवा ढिल्या बॉल जॉइंटवर केलेली अलाइनमेंट म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही फुकट. दुसऱ्या वेळी बुश नवे होते, पण कॅम्बर कुणी मोजलाच नाही.

गैरसमज : खुणा करून जोडलं की अलाइनमेंट लागत नाही

चांगला मिस्त्री सोडण्याआधी खुणा करतोच. पांढऱ्या मार्करची रेघ, पत्र्यावर चरा, टाय रॉडचे आटे मोजणं. हे करायलाच हवं, कारण त्यामुळे गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत धड जाते. पण खुणेची अचूकता मार्करच्या रेघेएवढीच असते, आणि रेघ अर्ध्या-एक मिलिमीटरची.

त्या एका मिलिमीटरचं काय होतं पाहा. बऱ्याच गाड्यांत स्ट्रट हबला दोन बोल्टांनी जोडलेला असतो. दोन बोल्टांत ६० मिलिमीटर अंतर असेल आणि भोकात एकूण १ मिलिमीटर खेळ असेल, तर कॅम्बर जवळजवळ १ अंशाने फिरू शकतो. टाय रॉडचंही तसंच. आट्यांचं अंतर १.५ मिलिमीटर आणि हबचा स्टिअरिंग आर्म १२० मिलिमीटर धरला, तर एका पूर्ण फेऱ्याला चाक सुमारे ०.७ अंश वळतं. आटे मोजून नवा टाय रॉड एंड बसवला आणि पाव फेऱ्याचीच चूक झाली, तरी ती १० मिनिटांहून जास्त. टो साध्या गाड्यांतही काही मिनिटांच्या आतबाहेर लावतात.

बॉल जॉइंटची गोष्ट निराळी. त्याचा दांडा निमुळता असेल, तर तो सोडून परत घातला की त्याच जागी बसतो, कोन बदलत नाही. पण माझ्या गाडीसारख्या काहींत बॉल जॉइंट लोअर आर्मला तीन बोल्टांनी जोडलेला असतो आणि ती भोकं लांबट असतात. तिथे तो हबकडून सोडायचा, आर्मकडून नाही. हे माहीत असलेला मिस्त्री तुमची एक अलाइनमेंट खरोखर वाचवतो.

गैरसमज : शॉकअप बदलले की कोन बिघडतातच

स्ट्रट ज्या गाड्यांत हबला दोन बोल्टांनी जोडलेला आहे, तिथे हे खरं. पकडीत बसणाऱ्या स्ट्रटला फरक कमी पडतो, तरी मोजून घ्यावं. पण जिथे वरखाली दोन आर्म असतात आणि शॉकअप त्यांच्यामधे वेगळा बसतो, तिथे शॉकअपचं काम फक्त हालचाल आवरण्याचं. चाकाचा कोन आर्म ठरवतात. आर्मचे बोल्ट हलले नाहीत आणि गाडीची उंची तीच राहिली, तर कोनही तेच राहतात. एमएक्स-५ मधे पुढेमागे चारही कोपऱ्यांत आर्मच्या बोल्टांवर भोक मध्यापासून सरकलेल्या (एक्सेंट्रिक) चकत्या असतात. त्या फिरल्या की सगळं फिरलं. बुश बदलायला ते बोल्ट काढावेच लागतात, म्हणून शॉकअप आणि बुश ही दोन कामं अलाइनमेंटच्या दृष्टीने एकसारखी नाहीत.

उंची बदलली तर कुठलीही गाडी असो, अलाइनमेंट अटळ. हौसेने आखूड स्प्रिंगा टाकणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

गैरसमज : एकत्र केलं की मजुरी निम्मी

काही कामांची मजुरी अगदी फुकटाच्या जवळ येते, काहींत बचत शून्य. रॅम्पवर काय काय आधीच उघडं पडलंय, ते पाहायचं.

पुढे ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स उतरवताना पुढची चाकं निघालेली असतात, बॉल जॉइंट सुटलेला असतो, ड्राइव्हशाफ्ट बाजूला झालेले असतात. माझ्या गाडीत प्रत्येक शाफ्ट गिअरबॉक्सच्या चकतीला सहा बोल्टांनी लावलेला आहे, बारा टोकांच्या तारकेसारख्या खाचेचे बोल्ट. त्या खाचेत साचलेली माती टोकदार सुईने कोरून काढल्याशिवाय पाना पूर्ण आत जात नाही, आणि अर्धवट घुसवून जोर लावला की खाच गोल होते. एवढी मेहनत एकदा झाली की शाफ्टचे रबरी बूट, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, सबफ्रेम खाली असेल तर स्टिअरिंग रॅकचे बुश, हे सगळं हाताशी असतं. दर कामाची वेगळी मजुरी लागली असती ती इथे वाचते. माझे आर्मचे बुश त्याच दिवशी झाले असते, तर एक अलाइनमेंटच काय, अख्खं दुसरं काम वाचलं असतं. गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्रँकशाफ्टचा मागचा ऑइल सील, फ्लायव्हीलची तपासणी आणि गिअर ऑइलही उरकून घ्यावं. काहीशे रुपयांचा सील नंतर गळायला लागला, तर पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पडते.

पुढचे शॉकअप अर्धवट सामाईक : चाकं निघालेली आहेत, पण स्ट्रटचं वरचं टोक बॉनेटखाली सुटतं आणि स्प्रिंग आवळून काढणं हे स्वतंत्र काम आहे. मागच्या शॉकअपचा क्लचशी काडीचा संबंध नाही. ते दिवाळीनंतर केले तरी मजुरी तेवढीच. माझ्या गाडीत मागे आडवी तुळई आहे, तिचे कोन नेहमीच्या दुकानात लावता येत नाहीत, आणि मागचे शॉकअप बदलून पुढची अलाइनमेंटही हलत नाही.

गैरसमज : गाडी सरळ जाते, म्हणजे अलाइनमेंट ठीक

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा. टो दोन्ही चाकांना सारखाच चुकला असेल, तर गाडी नाकासमोर जाते, स्टिअरिंगही सरळ राहतं. प्रत्येक चाक मात्र पुढे जाताना सतत थोडं आडवं घासत असतं. हिशेब साधा आहे : चाक अर्ध्या अंशाने वळलेलं असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे ८.७ मीटर आडवं फरपटतं. १० हजार किलोमीटरमध्ये ८७ किलोमीटर.

हे डोळ्यांना उशिरा दिसतं, हाताला लवकर कळतं. गाडी उभी असताना टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका बाजूने हात घसरतो आणि उलट्या बाजूने करवतीसारखा अडतो, तर टो चुकला आहे. माझ्या टायरवरून हात फिरवला असता तर दोन महिने आधीच कळलं असतं.

कामांचा क्रम

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधीची एक पायरी मात्र गॅरेजात सर्रास चुकते. आर्मचे रबरी बुश आतल्या-बाहेरच्या धातूला चिकटवलेले असतात. चाक वरखाली होतं तेव्हा रबर पिळलं जातं. गाडी रॅम्पवर लटकत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर रबर त्या लटकत्या स्थितीत पकडलं जातं, गाडी जमिनीवर आल्यापासून ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी नुसते लावायचे, आर्मखाली जॅक देऊन किंवा गाडी चाकांवर उभी करून वजन आलं की मगच शेवटचं आवळायचं.

नव्या स्प्रिंगा टाकल्या असतील तर त्या थोड्या बसतात. अलाइनमेंट लगेच करून घ्यावी आणि काहीशे किलोमीटरनंतर आकडे पुन्हा तपासावेत. दुकानात जाताना चारही टायरमध्ये सारखी हवा आणि डिकी रिकामी. ईएसपी (गाडीची घसरण आवरणारी यंत्रणा) असलेल्या नव्या गाड्यांत स्टिअरिंगच्या सेन्सरचा शून्यही स्कॅनरने पुन्हा लावून घ्यावा लागू शकतो.

आणि गाडी रॅम्पवर चढण्याआधी दोन प्रश्न विचारा. एक : कॅम्बर मोजता का, की नुसता टो? दुसरा : सबफ्रेम सरकवून दोन्ही बाजू सारख्या करून द्याल का? दोन्हीला हो आलं तरच किल्ली द्या, आणि परत घेताना आधीच्या व नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्या. माझा तो कागद अजून गाडीच्या कप्प्यात, क्लचच्या बिलाच्या मागे टाचून ठेवलेला आहे.